एकेक डोळा झाकून पाहा: डोळ्याचा पडदा वयाने किती बदलतो आणि आजार कुठून सुरू होतो

साठीनंतर नजर मंदावली की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘वय झालं आता.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. पण डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, जे आजार वेळेवर सापडले तर नजर वाचते, ते नेमके याच वाक्याच्या आडोशाला वाढतात. त्यांना आणखी एक आडोसा मिळतो, तो दुसऱ्या डोळ्याचा. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र धरून चालतो आणि बिघडलेल्या डोळ्यातली उणीव कळूच देत नाही. म्हणून पुढची प्रत्येक घरगुती तपासणी एकेक डोळा झाकून करायची आहे.

वयाने काय बदलतं

पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या मधोमध सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा मॅक्युला आणि मॅक्युलाच्या केंद्रात फोव्हिया. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या: रंग आणि बारकावे पाहणाऱ्या शंकूपेशी, साधारण 50 ते 60 लाख, आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी, 9 कोटींच्या वर. वय वाढतं तशा आधी दंडपेशी कमी होतात. फोव्हियातल्या शंकूपेशी निरोगी डोळ्यात म्हातारपणीही बऱ्याच टिकून राहतात.

यातून निघणारी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चांगला उजेड, बरोबर नंबरचा चष्मा आणि मोतीबिंदू नाही, अशा स्थितीत पंचाहत्तरीतही पुस्तकातली अक्षरं वाचता यायला हवीत. तीनही गोष्टी ठीक असून अक्षर लागत नसेल, तर ‘वय’ हे कारण लावून गप्प बसू नये.

उजेड मात्र जास्त लागतो, आणि त्यात आजार काही नसतो. वयाने बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळसर होतं. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जवळजवळ एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. भिंगाच्या पिवळेपणाने निळ्या छटा फिक्या लागतात. गडद निळा आणि काळा यांत गल्लत होते. करड्या पायरीची कड, धुक्यातली आकृती असं कमी फरकाचं दिसणं अवघड जातं.

अंधाराला सरावायला लागणारा वेळही वाढतो. उजेडातून काळोखात गेल्यावर शंकूपेशींचं जुळवून घेणं साधारण 10 मिनिटांत संपतं, दंडपेशींना 30 ते 40 मिनिटं लागतात. दंडपेशींना त्यासाठी अ जीवनसत्त्वापासून बनलेला पदार्थ सतत लागतो. तो पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांतून एका पातळ पापुद्र्यातून झिरपत येतो. या पापुद्र्याला ब्रूक पटल म्हणतात. वयाने ते जाड होतं, त्यात चरबी साठते आणि पुरवठा संथ होतो. थोडा संथपणा वयाचाच. पण अंधारलेल्या खोलीत पूर्वी सहज वावरणारा माणूस काही महिन्यांत चाचपडायला लागला, तर ती मॅक्युलाच्या आजाराची अगदी सुरुवातीची खूण असू शकते. तक्त्यावरची अक्षरं त्या वेळी अजून नीट वाचता येतात, आणि म्हणूनच ही तक्रार डॉक्टरांना आपणहून सांगावी लागते. अ जीवनसत्त्वाची कमतरता, मोतीबिंदू आणि काचबिंदू यांनीही असं होतं. कारण कोणतं ते तपासणीतच ठरतं.

थोडक्यात, वयाचे बदल दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखे, वर्षानुवर्षं हळूहळू होतात आणि दिवा किंवा चष्मा बदलला की बरंच सुधारतात. आजार बहुधा एका डोळ्यात आधी बोलतो आणि दिवा वाढवूनही ऐकत नाही.

आजाराचं पहिलं पाऊल

वयाशी निगडित मॅक्युलाच्या झिजेत (डॉक्टर तिला एएमडी म्हणतात) पडद्याखाली पिवळट ठिपके साठू लागतात. ते ड्रुझेन. रिपोर्टात हा शब्द दिसला की लोक घाबरतात, पण महत्त्व त्यांच्या आकाराला आहे. 63 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान ठिपके वयाचे धरले जातात. 63 ते 125 मायक्रॉनचे म्हणजे सुरुवातीची अवस्था. 125 च्या वर गेले, किंवा रंगद्रव्यात बदल दिसू लागला, की मधली अवस्था. तपासणाऱ्या डॉक्टरकडे मोजपट्टीही तिथेच असते: पडद्यावरची मोठी शीर दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) कडेला जेवढी रुंद दिसते ते साधारण 125 मायक्रॉन. तेव्हा ‘ड्रुझेन आहेत’ एवढंच ऐकून उठू नका. किती मोठे, एका डोळ्यात की दोन्ही, रंगद्रव्यात बदल आहे का, हे तीन प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या.

या अवस्थांमध्ये माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. पुढे आजार दोन वाटांनी जातो. कोरड्या प्रकारात पेशींचे पट्टे हळूहळू मरतात. ओल्या प्रकारात पडद्याखाली नवीन, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात, पडदा उचलला जातो आणि सरळ रेषा वाकडी दिसू लागते. इथे दिवस महत्त्वाचे ठरतात. अशा रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या घटकाला रोखणारी इंजेक्शनं पाझर थांबवतात, पण व्रण झालेला भाग परत मिळत नाही.

मधुमेहात बिघाड बारीक केशवाहिन्यांपासून सुरू होतो. त्यांच्या भिंतीला सूक्ष्म फुगवटे येतात, मग गळती आणि रक्ताचे ठिपके. मॅक्युला या टप्प्यात वाचला असेल तर नजर 6/6, म्हणजे पूर्ण, राहते. ‘मला नीट दिसतं’ हा मधुमेही माणसाचा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे. टाइप 2 मध्ये निदान झालं त्याच सुमारास पहिली पडदा-तपासणी व्हावी, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. टाइप 1 मध्ये निदानापासून 5 वर्षांच्या आत. त्यानंतर साधारण दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वी किंवा पहिल्या तिमाहीत तपासून घ्यावं. या काळात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो.

काचबिंदू पडद्याच्या सर्वांत आतल्या थरातल्या गँग्लियन पेशी (पडद्याचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या) आणि त्यांचे तंतू मारतो. मधली नजर शाबूत राहते, कडेची जाते. आणि कडेची गेलेली कळत का नाही, ते खालच्या प्रयोगात स्वतःच अनुभवता येईल.

गेलेला भाग काळा दिसत नाही

कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर हरभऱ्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडे पाहा आणि कागद साधारण 30 सेंटिमीटरवर धरून सावकाश पुढे-मागे करा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो. प्रत्येक निरोगी डोळ्यात दृष्टिचेता जिथून बाहेर पडते तिथे हा अंधबिंदू असतो. आता ठिपक्यातून जाणारी, दोन्ही बाजूंना लांबवर पोचणारी आडवी रेघ ओढून तेच करा. ठिपका जातो, पण रेघ सलग दिसते.

मेंदूने भोक बुजवलं. आजाराने पडलेली भोकंही तो अशीच बुजवतो. त्यामुळे डोळ्यासमोर काळा डाग येण्याची वाट पाहणं धोक्याचं आहे, आणि घरची चाचणी स्वच्छ आली म्हणून ठरलेली तपासणी टाळणंही.

घरची तपासणी: आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं

एएमडीचं निदान झालेलं असेल, किंवा एक डोळा आधीच गमावला असेल, तर रोज करा. जागा, दिवा, चष्मा आणि अंतर दर वेळी तेच ठेवा, नाहीतर आजचं कालच्याशी जुळवता येत नाही.

पहिली चाचणी चौकटीची. स्वित्झर्लंडमधले नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी विसाव्या शतकात रुजवलेली ही जाळी आलेखाच्या कागदावरही काढता येते: 10 सेंटिमीटरचा चौरस, 5 मिलिमीटरची घरं, म्हणजे 20 गुणिले 20, आणि मधोमध ठळक ठिपका. रेघा काळ्या आणि एकसारख्या हव्यात.

1. वाचायचा चष्मा लावा. प्रोग्रेसिव्ह भिंग असेल तर हनुवटी किंचित वर करून खालच्या भागातून बघा. त्या भिंगाच्या कडेने पाहिलं की निरोगी डोळ्यालाही रेघा वाकलेल्या दिसतात. उगाच भीती बसते ती इथेच.
2. कागद 28 ते 30 सेंटिमीटरवर धरा. या अंतरावर एक घर साधारण एक अंशाचं होतं आणि पूर्ण जाळीत मॅक्युलाचा भाग मावतो. लांब धरली तर तपासलेला भाग लहान होतो.
3. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण धूसर दिसतं आणि दुसऱ्या डोळ्याची चाचणी बिघडते.
4. नजर ठिपक्यावरून हलवू नका. ठिपक्याकडेच बघत विचारा: चारही कोपरे दिसतात का? एखादं घर पुसट, गायब किंवा लहान-मोठं वाटतं का? रेघ कुठे लाटेसारखी वळते का?
5. जे दिसलं ते त्याच जाळीच्या प्रतीवर पेन्सिलीने काढा, डोळा आणि तारीख लिहा. मग दुसरा डोळा.

डोळा नकळत रेघेमागे फिरतो, ही सर्वांत नेहमीची चूक. फिरला की बिघडलेला भाग दुसरीकडे सरकतो आणि चाचणी निसटते.

दुसरी चाचणी वाचनाची. छापील मजकुराचा एकच परिच्छेद ठरवून ठेवा. 40 सेंटिमीटरवर धरून प्रत्येक डोळ्याने वाचा. शब्दातलं एखादं अक्षर खाल्लं जातं का, ओळ मध्येच तुटते का, एका डोळ्याला दुसऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो का ते पाहा. मॅक्युलाच्या बारीक बिघाडात वेग आधी घटतो.

तिसरी, दाराची. चार-पाच मीटरवरून दाराच्या चौकटीकडे, खिडकीच्या गजांकडे किंवा फरशांच्या सांध्यांकडे एकेक डोळ्याने बघा. सरळ गज वाकलेला दिसला तर तेवढंच पुरे आहे.

चौथी मात्र मुद्दाम शिकून घेण्यासारखी. जाड पुठ्ठ्याला जाड सुईने साधारण 1 मिलिमीटरचं स्वच्छ भोक पाडा. लांबचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, धूसर दिसणाऱ्या पाटीकडे त्या भोकातून बघा. पाटी स्पष्ट झाली तर दोष बहुधा नंबरचा, कारण बारीक भोकातून येणारे किरण भिंगाच्या मदतीवाचूनही नेमके पडतात. स्पष्ट झाली नाही, किंवा आणखी बिघडली, तर कारण आत शोधावं लागतं: मॅक्युला, दृष्टिचेता किंवा दाट मोतीबिंदू. चष्म्याचा नंबर वारंवार बदलूनही समाधान होत नसेल तेव्हा हा पुठ्ठा बरंच काही सांगून जातो.

ठिपके, जाळ्या आणि चमक

डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव वयाने पातळ होतो आणि एक दिवस पडद्यापासून सुटतो. बहुतेकांत हे पन्नाशी-साठीनंतर होतं, जास्त मायनस नंबर असलेल्यांत किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लवकर. डोळ्यासमोर माशी, कोळ्याची जाळी किंवा गोल कडं तरंगताना दिसतं. नजर हलवली की ते मागून घरंगळत येतं. जुनी, संख्येने न वाढणारी तरंगणारी जाळी निरुपद्रवी असते.

पण सुटताना जेल पडद्याला ओढते. त्या ओढीने कडेला वीज चमकल्यासारखं दिसतं, अंधारात अधिक. ओढ जास्त बसली तर पडद्याला चीर पडते. नव्याने ठिपके किंवा चमक सुरू झालेल्या दर सात-दहा माणसांमागे एकाला अशी चीर सापडते. चिरेतून द्रव मागे शिरला की पडदा सुटू लागतो आणि एका बाजूने सावली किंवा खिडकीचा पडदा ओढल्यासारखं दिसतं. चीर असतानाच सापडली तर लेझरने किंवा गोठवून ती डागता येते. मॅक्युला सुटला की शस्त्रक्रिया करूनही नजर पूर्ववत होण्याची शक्यता कमी होते. पहिल्या तपासणीत चीर दिसली नाही तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला सांगतात. ती दुसरी फेरी चुकवू नका, कारण काही चिरा नंतर पडतात.

किती लवकर जायचं

त्याच दिवशी: अचानक खूप ठिपके किंवा काजळी उडाल्यासारखं दिसणं, नवीन चमक, कडेने सरकणारी सावली, नव्याने वाकड्या दिसू लागलेल्या रेघा, मधोमध नवा डाग.

त्याच तासाला: एका डोळ्याची नजर वेदनेशिवाय एकदम जाणं. पडद्याची मुख्य धमनी बंद पडणं हा पक्षाघाताचाच प्रकार आहे. चष्म्याच्या दुकानात किंवा उद्याच्या भेटीसाठी थांबू नका. पक्षाघाताचे उपचार होतात अशा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. काही मिनिटांत नजर परत आली तरी जायचंच, कारण तो इशारा असतो. पन्नाशीपुढच्या माणसाला सोबत नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा केस विंचरताना टाळू हुळहुळणं असेल तर ते शब्दशः सांगा. धमनीच्या दाहाचा संशय डॉक्टरांना यावरूनच येतो आणि उपचार लांबले तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

काही दिवसांत: एका डोळ्याने वाचन हळूहळू मंदावणं, अंधारात वाढलेलं चाचपडणं, छोट्या भोकातूनही न सुधारणारी धूसरता.

काहीच तक्रार नसेल, मधुमेह किंवा घरात कुणाला काचबिंदू नसेल, तर चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी, त्यानंतर दर दोन ते चार वर्षांनी, पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी.

दवाखान्यात

‘डोळे तपासले’ म्हणजे नंबर काढला, असा अनेकांचा समज असतो. पडदा कडेपर्यंत पाहायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. ते चढायला 20 ते 30 मिनिटं, उतरायला साधारण चार ते सहा तास. तोवर जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, गॉगल सोबत न्या. सगळ्या औषधांची यादी न्या. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन (संधिवातासारख्या आजारांत देतात, पण पडद्याला इजा करू शकतं) घेत असाल तर ते नक्की सांगा: हे औषध शरीराच्या प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमपर्यंत ठेवतात, पहिल्या वर्षात एकदा आणि 5 वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासतात, मूत्रपिंड अशक्त असेल तर आणखी आधीपासून.

ओसीटी हे 1991 साली पुढे आलेलं तंत्र पडद्याचे थर काही मायक्रॉनच्या बारकाईने दाखवतं. स्पर्श नाही, किरणोत्सर्ग नाही, काही सेकंदांचं काम. मॅक्युलाखालचा द्रव त्यात रुग्णाला जाणवण्याआधी दिसू शकतो. पण नेहमीची ओसीटी मॅक्युला आणि दृष्टिचेतेपुरती असते. चिरा पडतात त्या कडेला. चमक दिसते म्हणून गेलात आणि ओसीटी चांगली आली, तरी थेंब घालून कडा पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. रिपोर्टाच्या चित्रांच्या प्रती जपून ठेवा आणि शक्य तिथे दर वेळी त्याच प्रकारच्या यंत्रावर चाचणी करा. वेगळ्या कंपन्यांची यंत्रं पडद्याची जाडी वेगळ्या रेषेपासून मोजतात, म्हणून 20 मायक्रॉनचा फरक आजाराचा नसून यंत्राचा असू शकतो.

निदानानंतर

धूम्रपान सोडणं हा एएमडीवर माणसाच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय. गोळ्यांबद्दल मात्र गैरसमज फार. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या अभ्यासांतून (पहिल्याचे निष्कर्ष 2001 मध्ये, दुसऱ्याचे 2013 मध्ये आले) जे मिश्रण ठरलं ते असं: क जीवनसत्त्व 500 मिलिग्रॅम, ई 400 आंतरराष्ट्रीय एकक, ल्युटिन 10, झियाझँथिन 2, झिंक 80 आणि तांबं 2 मिलिग्रॅम. एवढ्या झिंकमुळे शरीरातलं तांबं घटतं, म्हणून ते सोबत. मधल्या अवस्थेतल्या किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलेल्या माणसांत, पुढची पायरी गाठण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाला. सुरुवातीच्या अवस्थेत किंवा निरोगी डोळ्यात असा फायदा दिसला नाही. जुन्या मिश्रणात बीटा-कॅरोटीन होतं. धूम्रपान करणाऱ्यांत आणि सोडलेल्यांत ते फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं, तेव्हा पाकिटावरचा मजकूर वाचूनच घ्या, आणि डॉक्टरांना विचारून.

डोळ्यात व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शनं सुरू झाली असतील तर ‘आता बरं दिसतं’ म्हणून पुढचं चुकवू नका. बरं दिसतं ते औषधाचा असर आहे तोवर. इंजेक्शननंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग येणं साधं, तो आठ-दहा दिवसांत जातो. पण दुखणं वाढत जाणं, लाली पसरणं आणि नजर घटणं हे आतल्या जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी परत दाखवा.

मधुमेहात साखर वर-खाली होत असताना भिंगच फुगतं-ओसरतं, म्हणून नवा चष्मा साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच करा. फार दिवस चढलेली साखर एकदम खाली आणली तर पडद्याचा आजार काही महिने तात्पुरता बळावू शकतो. त्यासाठी उपचार थांबवायचे नसतात, डोळे लवकर-लवकर तपासायचे असतात. रक्तदाबाकडे दुर्लक्ष केलं तर साखरेवरची मेहनत पडद्यापुरती अर्धी वाया जाते.

नजर बरीच कमी झालेल्या माणसाला कधी कधी समोर नसलेली माणसं, फुलं, नक्षी दिसते. ती चित्रं बोलत नाहीत आणि ती खरी नाहीत हे त्या माणसाला ठाऊक असतं. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात: डोळ्याकडून माहिती कमी आली की मेंदू स्वतःच चित्रं रंगवतो. वेड लागल्याच्या भीतीने कित्येकजण हे कुणालाच सांगत नाहीत. घरच्या माणसांनी आपणहून, अगदी सहज विचारावं. दिवा लावणं, नजर झपझप डावी-उजवीकडे हलवणं किंवा उठून जागा बदलणं यांनी ती चित्रं अनेकदा विरून जातात.